पंचबाईंना विचारा : ऑगस्ट २०२४

या महिन्यात पत्रांचा नुसता ढीग पडला. पॅरिस ऑलिंपिक ११ ऑगस्टला संपलं, पण आपल्या वाचकांचं काही संपलेलं नाही. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे : अन्याय. मी उभी हयात शाळेत पी.टी. शिकवली आणि ग्वाल्हेरच्या मैदानांवर हॉकीची शिट्टी वाजवली. हा शब्द कानावर आला की आधी नियम बघायचा, मग रागवायचं, ही सवय काही सुटत नाही. तेव्हा उत्तरं त्याच क्रमानं देते.

पंचबाई, शंभर ग्रॅम म्हणजे हो किती? आमच्या नातीची वेणीसुद्धा तेवढी भरेल. एका दिवसात तीन कुस्त्या मारलेल्या विनेश फोगाटला रौप्य तरी द्यायला काय हरकत होती?
*– एक आजोबा, लष्कर, ग्वाल्हेर*

आजोबा, वेणीचं म्हणाल तर तिनं केससुद्धा कापले होते. तरी काटा उतरला नाही.

झालं ते असं. गट ५० किलोचा. ६ ऑगस्टला सकाळी विनेशचं वजन ४९.९ भरलं. त्या दिवशी पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी. टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी पैलवानाकडून कधीच न हरलेली. तिला शेवटच्या काही सेकंदांत धरलं. मग युक्रेनची लिवाच, मग क्यूबाची गुझमान. तीन कुस्त्या लढायच्या तर पोटात काहीतरी हवं, पाणी हवं. संध्याकाळी काटा ५२.७ वर गेला होता. रात्रभर धावणं, सॉना, घाम. ७ तारखेला सकाळी ५०.१.

आता नियम. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गट निकालात काढायचा, अशी रीत होती. मग पैलवान वजनासाठी पाच-सहा किलो सुकवायचे आणि रात्रीत परत भरायचे. म्हणजे वजनाचा गट नावालाच. हे थांबवायला २०१८पासून गट दोन दिवसांचा केला आणि दोन्ही सकाळी वजन ठेवलं. दुसऱ्या सकाळी मुदत पंधरा मिनिटांची. ऑलिंपिकमध्ये वजनात सूट नाही, अंगावरच्या पोशाखाचीसुद्धा नाही. जी वजनात बसली नाही ती स्पर्धेतून बाद आणि यादीत सगळ्यांत शेवटी. तिची जागा अंतिम फेरीत गुझमाननं घेतली आणि अमेरिकेच्या हिल्डेब्रांटनं सुवर्ण नेलं.

वजनाच्या नियमाशी माझं भांडण नाही. शालेय स्पर्धांत हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. भाद्रपदातल्या उन्हात दोन-दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारी पोरं, तोंडात चिंच धरून रुमालात थुंकणारी. एकजण काट्यावर चढला, थोडक्यात जास्त भरला, खाली उतरला, कमरेचा करदोटा काढला आणि पुन्हा चढला. त्याच्या गुरूनं काट्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. काट्याला दयामाया नसते, आणि ती नसावी, नाहीतर ४८ किलोच्या पोरापुढे ५२चा उभा राहील.

पण दुसरा भाग मला पटत नाही. ६ तारखेला विनेश वजनात होती, त्या दिवशीच्या तिन्ही कुस्त्या तिनं नियमानं जिंकल्या. ७ तारखेचा काटा ६ तारखेच्या कुस्त्या कशा पुसून टाकतो? अंतिम लढत नका देऊ, पण आदल्या दिवशीचं यश राहू द्या. तिचंही क्रीडा लवादापुढे तेवढंच मागणं होतं, रौप्य वाटून द्या. १४ ऑगस्टला ते फेटाळलं, कारण लवाद नियम बदलू शकत नाही. पण हा परिणाम फारच कठोर आहे हे लवादाच्या सविस्तर निकालातही आलंय.

आणि एक गोष्ट वर्तमानपत्रांत कोपऱ्यात गेली. अमन सेहरावत ५७ किलोत खेळला. उपांत्य कुस्ती हरल्यावर त्याचं वजन ६१.५ भरलं. रात्रीतून ते ५६.९ वर आणलं आणि ९ ऑगस्टला त्यानं पोर्टो रिकोच्या क्रूझला १३-५नं हरवून कांस्य घेतलं. तीच रात्र, तोच घाम. त्याचं उतरलं, तिचं थोडक्यात राहिलं.

पाकिस्तानला एक पदक आणि ते ६२वे. आपल्याला सहा आणि आपण ७१वे. हा कुठला हिशेब?
*– एक वाचक, राजवाडा, इंदूर*

सुवर्णाचा हिशेब. यादी आधी सुवर्णावर लागते, बरोबरी झाली तर रौप्यावर, मग कांस्यावर. आपलं नीरजचं एक रौप्य आणि पाच कांस्य. त्यांच्या अर्शद नदीमनं ८ ऑगस्टला दुसऱ्याच फेकीत भाला ९२.९७ मीटरवर टाकला. ऑलिंपिक विक्रम, आधीचा ९०.५७चा होता. विषय संपला. पाकिस्तानला १९९२च्या हॉकी कांस्यानंतर मिळालेलं हे पहिलंच पदक, तेव्हा त्यांना आनंद होऊ द्या.

वरच्या टोकाला काय झालं ते अधिक मजेदार आहे. अमेरिका आणि चीन, दोघांची सुवर्णं ४०. अमेरिकेचं चाळिसावं शेवटच्या दिवशी बायकांच्या बास्केटबॉलमध्ये आलं, फ्रान्सवर ६७-६६. शेवटच्या क्षणाला फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सनं लांबून चेंडू टाकला तो बास्केटमध्ये गेला, पण तिचा पाय तीन गुणांच्या रेघेवर होता. रेघेवर पाय म्हणजे दोनच गुण. पाऊल मागे असतं तर बरोबरी, जादा वेळ, आणि यादीत चीन पहिला राहण्याचीही शक्यता. मुलांना रेघ दाखवून दाखवून माझा घसा बसायचा, तो उगाच नाही.

ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड! त्या पंचाला घरी पाठवायला हवं होतं. तुम्ही पंच म्हणून काय केलं असतं?
*– हॉकीवेडा, कंपू, ग्वाल्हेर*

कंपूच्या माणसानं हॉकीचं विचारलं की मला दुसरं काही सुचत नाही. मुलींची हॉकी अकादमी तुमच्या दाराशी.

४ ऑगस्ट, उपांत्यपूर्व सामना, सतरावं मिनिट. रोहिदास चेंडू घेऊन वळला आणि त्याची काठी मागून आलेल्या विल कॅलननच्या डोक्याला लागली. व्हिडिओ पंचाकडे प्रकरण गेलं आणि लाल निघालं. कार्डांचा हिशेब असा : हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, लाल म्हणजे खेळाडू गेला आणि बदली मिळत नाही. काठी धोकादायक गेली यात वाद नाही. वाद आहे तो मुद्दाम होती का, एवढाच. मी असते तर पिवळं दाखवलं असतं, आणि तेही लांबलचक. त्याची नजर चेंडूवर होती, माणसावर नव्हती. पण पडद्यावर चित्र हळू चालवलं की प्रत्येक काठी मुद्दाम मारल्यासारखी दिसते, हा त्या यंत्राचा दोष आहे. पंचाला घरी पाठवायची भाषा मात्र मला चालायची नाही.

चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण खेळले. २२व्या मिनिटाला हरमनप्रीतनं गोल मारला, २७व्याला ब्रिटनच्या मॉर्टननं फेडला, आणि नंतर नुसता बचाव. बघताना मी पंख्याखाली बसून घामाघूम. मग शूटआउट : २३ मीटरच्या रेघेवरून सुटायचं, आठ सेकंदांत गोल करायचा. आपल्या चौघांनी चारही मारले, गोलरक्षक श्रीजेशनं रोपरचा अडवला, ४-२.

खरी किंमत दोन दिवसांनी मोजावी लागली. लाल कार्डामुळे रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, तो जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्हता. रोहिदास म्हणजे पेनल्टी कॉर्नरला आपला पहिला रशर, गोलातून सुटून ड्रॅग फ्लिकच्या तोंडात अंग घालणारा. १८व्या मिनिटाला जर्मनीच्या पेयानं पेनल्टी कॉर्नरवरच गोल केला. सामना २-३नं गेला. मी असं म्हणत नाही की तो असता तर जिंकलोच असतो, पण त्या गोलाच्या वेळी मी खुर्चीतून उठले होते.

८ तारखेला कांस्यासाठी स्पेनला २-१ हरवलं, दोन्ही गोल हरमनप्रीतचे. त्याआधी गटात ऑस्ट्रेलियाला ३-२. ऑलिंपिकमध्ये त्यांना हरवायला १९७२नंतर आता मुहूर्त लागला.

तुम्ही ‘ग्वाल्हेरचं यात काय?’ असंही विचारलंय. संघाच्या प्रशिक्षकांमध्ये शिवेंद्र सिंग होता, आपल्याच ग्वाल्हेरचा. मधल्या फळीत विवेक सागर, इटारसीजवळचा. आणि ज्या मैदानाला आपण सचिनच्या दोनशे धावांचं मैदान म्हणतो त्याच्या पाटीवर नाव कुणाचं आहे ते जरा वर मान करून वाचा. कॅप्टन रूपसिंग, ध्यानचंदचे धाकटे भाऊ, शिंद्यांच्या फौजेतले. १९३२ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेवर २४-१, त्यातले दहा गोल रूपसिंगांचे. २९ ऑगस्टला सगळीकडे ध्यानचंदांच्या तसबिरीला हार पडतात. आपण इथं दोन हार घ्यायला हवेत.

बाई, शंभर मीटरला नोहा लाइल्स आणि थॉम्पसन दोघांचाही वेळ ९.७९ दाखवला. मग पहिला कोण ते कसं ठरलं? टीव्हीवर तर थॉम्पसनचा पाय पुढे दिसत होता.
*– नववीतली एक मुलगी, दौलतगंज, ग्वाल्हेर*

शाब्बास, पाय दिसला तुला! पण पाय मोजत नाहीत. डोकं, मान, हात, पाय यातलं काही नाही, फक्त धड. धडाचा कुठलाही भाग रेघेच्या उभ्या पातळीला आधी लागला तो पहिला. वेळ हजारांशापर्यंत वाचतात : लाइल्स ९.७८४, थॉम्पसन ९.७८९. तिथला कॅमेरा सेकंदाला चाळीस हजारांपर्यंत चित्रं घेतो, तेव्हा शंकेला जागा नाही. त्या शर्यतीत आठवा आलेला सेव्हिलही ९.९१. आठच्या आठ दहा सेकंदांच्या आत, असं आधी कधी झालं नव्हतं. शाळेत धावताना शेवटच्या पावलाला छाती पुढे टाक. उडी मात्र मारू नकोस, गुडघे फुटतात.

श्रीलंकेत एकदिवसीय मालिका ०-२नं हरलो. आमचा हार्दिक नव्हता म्हणून ना?
*– एक बडोदेकर*

नाही हो. तीन सामन्यांत आपल्या तीस विकेट पडल्या, त्यातल्या २७ फिरकीला. पहिला सामना २३०वर बरोबरीत सुटला, दुसऱ्यात व्हँडरसेनं सहा घेतल्या, तिसऱ्यात सगळे १३८वर गारद. रोहित सोडला तर कोणी पाय पुढे टाकून खेळायला तयार नव्हतं. १९९७नंतर त्यांच्याकडून पहिल्यांदा अशी मालिका गेली.

पहिल्या सामन्यात आपल्या खेळाडूंच्या दंडाला काळी पट्टी होती ती तुमच्याच अंशुमन गायकवाडांसाठी. ३१ जुलैला ते गेले. १९८३ला जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटं उभं राहून २०१ केल्या होत्या. हार्दिकपेक्षा त्या माणसाची उणीव कोलंबोत जास्त भासली असती.

स्वप्निल कुसाळेचं अभिनंदन सगळ्यांनी केलं. आपल्या खरगोनच्या ऐश्वर्य तोमरचं नाव कुणी काढत नाही.
*– एक वाचक, इंदूर*

मी काढते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला पहिले आठ पुढे जातात. स्वप्निल ५९०, सातवा. ऐश्वर्य ५८९, अकरावा. एका गुणात एकजण अंतिम फेरीत आणि दुसरा घरी. १ ऑगस्टला स्वप्निलनं ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासणारा पोरगा. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक. त्याचा सत्कार व्हायलाच हवा, फक्त त्या ५८९चाही थोडा हिशेब ठेवा.

तो स्वीडनचा पोलवाला एकेक सेंटिमीटरच का वाढवतो? एकदम दहा वाढव की!
*– एक चौकस, ग्वाल्हेर*

डुप्लांटिसनं बांबूउडीत ५ ऑगस्टला पॅरिसमध्ये ६.२५ मीटर केलं, २५ तारखेला पोलंडमध्ये ६.२६. दर विक्रमाला वेगळं बक्षीस असतं. तुम्हीही हप्त्यानंच घेतलं असतं.

पॅरालिम्पिकचे निकाल कुठे आहेत? आणि टी-३५ वगैरे काय प्रकार आहे?
*– एक शिक्षिका, जबलपूर*

स्पर्धा २८ ऑगस्टला सुरू झाल्या, ८ सप्टेंबरपर्यंत चालतील. महिना संपेपर्यंत आपली पाच पदकं झाली : अवनी लेखराचं सुवर्ण, मनीष नरवालचं रौप्य, मोना अगरवाल, प्रीती पाल आणि तुमच्या जबलपूरची रुबिना फ्रान्सिस यांची कांस्यं. टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकी. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि त्याचं प्रमाण सांगतो. ३५ ते ३८ हे आकडे स्नायूंचा ताळमेळ बिघडलेल्यांचे, आणि त्यात आकडा लहान तितकी अडचण जास्त. नेमबाजीला आणि ज्यूदोला वेगळी अक्षरं आहेत. ज्यूदोच्या जे-१चं पुढच्या अंकात सांगते, त्यात आपल्या सीहोरचा कपिल परमार उतरतोय.