गाडीचं विचारा : साडेतीन लाखांत घरची गाडी

प्रश्न : घरात पाच माणसं, आई-वडील सत्तरीचे. शेत १४ किलोमीटरवर, शेवटचे दोन किलोमीटर काळ्या मातीचे. महिन्याला ६०० किलोमीटरच्या वर गाडी फिरणार नाही. साडेतीन लाख हाताशी आहेत. २०१४ची डिझेल स्विफ्ट आणि २०१६ची पेट्रोल वॅगनआर बघून ठेवल्यात. सगळे म्हणतात, डिझेलच घ्या, एव्हरेज आहे. (परभणी)

उत्तर : वॅगनआर. डिझेलचं एव्हरेज खरं, पण ६०० किलोमीटरला महिन्याकाठी हजारेक रुपयेच वाचतील, आणि टर्बो किंवा इंजेक्टरचं एक काम निघालं की वर्षाची बचत गेली. मारुतीने ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन २०२०मध्ये बंदही केलंय. शिवाय आरसी (गाडीची नोंदणी) १५ वर्षांची. स्विफ्टची २०२९ला संपते, वॅगनआरची २०३१ला. वॅगनआरची सीट उंच, म्हाताऱ्या माणसांना वाकून आत शिरावं लागत नाही. तिच्या के-१० इंजिनला टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. फक्त व्हेरियंट बघून घ्या. चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या साध्या व्हेरियंटमध्ये ती बहुधा नसते.

सगळे साडेतीन लाख सौद्यात घालू नका. ओनरशिप (गाडी नावावर करणं), विमा, टायर, बॅटरी, ऑइल यांना ४० हजार बाजूला ठेवा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार अंक असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचा टायर आपल्या उन्हात भरवशाचा नसतो.

गाडी सकाळी बघा, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना उघडलं तर हात भाजेल). आपल्याकडे कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बोअरचं पाणी ओतायची वाईट खोड आहे. झाकणाखाली पांढरी खरड किंवा तांबूस गाळ दिसला, तर आतल्या नळ्याही तशाच चोंदत आल्यात, आणि एप्रिल-मेमध्ये गाडी तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) जाणार. मग ऑइलचं झाकण उलटं करा. दुधाच्या चहासारखा जाड फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी उतरलंय. तिथूनच माघारी फिरा.

आता चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण काढून भोकावर नुसतं ठेवा. ते नाचलं, आतून भकाभका वाफ आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. एसी बंद ठेवून उभी गाडी चालू राहू द्या, रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे. मग एसी लावून पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, गाडी तापता कामा नये.

शेतरस्त्यावर फिरलेल्या गाडीचं चाकाखालचं काम आधी निघतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. टक-टक वाजलं तर अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय. चाकामागे ग्रीस उडालेलं दिसलं, तर त्याचं रबरी बूट फाटलंय. लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) रबरी बुशही मिस्त्रीला हलवून बघायला लावा. दाराचं रबर ओढून खालची कड बघा. कंपनीच्या वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. ते पुट्टीखाली दडले असतील तर गाडी ठोकलेली आहे.

प्रश्न : दिल्ली पासिंगची डिझेल गाडी इथल्यापेक्षा लाखाने स्वस्त मिळतेय. घ्यावी का? (लातूर)

उत्तर : दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिकडे २०१५पासून निर्बंध आलेत, म्हणून ती स्वस्त आहे. दिल्लीची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एमएच-२४ नंबर आणि एजंट धरले की लाखातलं किती उरतं ते आधी कागदावर मांडा. एनओसी हातात येईपर्यंत टोकनही देऊ नका.

प्रश्न : गाडीवर बँकेचा बोजा आहे, मालक म्हणतो नंतर काढून देतो. (जालना)

उत्तर : नंतर नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आधी त्याच्या नावावरच बोजा उतरवायला लावा. मग मालकी बदलायच्या फॉर्म २९-३०वर सह्या आणि त्याच दिवशी उरलेले पैसे. थकलेला दंड परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर नंबर टाकून बघा. विमा १४ दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद हवी, आणि टाकीच्या पाटीवरची टेस्टची तारीख तीन वर्षांच्या आतली.