क्वांटम क्रिटिकल पॉइंटजवळ ऑप्टिकल कंडक्टिव्हिटी ड्रुडेसारखी का येत नाही?

भाऊ, नांदेडला एमएस्सी करायलास म्हणालास, म्हणजे ड्रुडेचं मॉडेल (धातूतून वीज कशी वाहते याचं साधं चित्र) झालेलंच असंल. तिथं इलेक्ट्रॉन एकेकटा पळतो, टकरीचा एकच ठराविक वेळ असतो. क्वांटम क्रिटिकल पॉइंटजवळ, म्हणजे शून्य तापमानाला पदार्थ एका अवस्थेतून दुसरीत जातो त्या बिंदूजवळ, मात्र लातूरच्या गंजगोलाईतल्या सणाच्या गर्दीसारखं होतं, एकट्याची चाल उरतच नाही, सगळे मिळून सरकतात, अन् तो वेळ तापमानच ठरवतं, साधारण प्लँकचा रिड्यूस्ड स्थिरांक (h/2π) भागिले (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) एवढा.

२००३ ला भौतिकशास्त्रज्ञ फान डेर मारेल यांच्या टीमनं बिस्मथवाल्या क्युप्रेटवर (तांबं-ऑक्सिजनवाला सुपरकंडक्टर) मोजलं तर ऑप्टिकल कंडक्टिव्हिटी (प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीला पदार्थ वीज किती वाहू देतो ते) फ्रिक्वेन्सीच्या उणे २/३ घातानं उतरली अन् फेज (करंट अन् विद्युतक्षेत्र यांच्यातला कोन) ६० अंशाच्या आसपास अडकून राहिला, हे लई सुंदर आहे कारण अशा घाताच्या नियमात फेज म्हणजे घाताचा आकडा गुणिले ९० अंश, अन् ९० चे दोन तृतीयांश ६०च, दोन्ही आकडे एकमेकाला धरून आहेत बघ. घात नेमका २/३च का, यावर वाद चालूच आहे.