अकरावीला ग्रुप ठरवताना

भाऊ, दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात पहिली चर्चा क्लासची होते. तू आधी परीक्षा ठरव, क्लास मग.

एमएचटी-सीईटी ही राज्याची इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा. तिच्यात अकरावीचा भार साधारण 20 टक्के, बारावीचा 80. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपमध्ये गणिताच्या 50 प्रश्नांना 100 गुण आहेत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री मिळून जेवढे तेवढे एकट्या गणिताला. गणिताची खरंच भीती वाटत असेल तर मित्र घेतोय म्हणून हा ग्रुप घेऊ नकोस.

देशपातळीवरच्या जेईई मेन (इंजिनिअरिंग) आणि नीट (मेडिकल) यांचा हिशोब वेगळा. दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, बरोबर उत्तराला 4 आणि चुकीच्याला वजा 1. अकरावी आरामात काढणारे इथेच अडकतात: वेक्टर कच्चे राहिले की बारावीचं मॅग्नेटिझम डोक्यावरून जातं.

पीसीएमबी (पीसीएम आणि बायोलॉजी) इंजिनिअरिंग आणि मेडिकल ही दोन्ही दारं उघडी ठेवतो खरा, पण वेळ वाटला जातो. घेतलास तर दिवाळीपर्यंत एक दिशा पक्की कर.

इंटिग्रेटेड कॉलेजात (कॉलेज आणि क्लास एकत्रच) प्रवेश घेण्याआधी लॅब स्वतः बघून ये. बोर्डात फिजिक्सचे 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात न धरलेली मुलं तिथे गोंधळतात.

आणि चोपडा, पारोळ्याहून रोज एसटीने जाणार असशील तर जाण्यायेण्याचे तास मोज. जवळचं साधं कॉलेज आणि घरी नियमित पेपर सोडवणं, हा पर्याय मला बऱ्याचदा जास्त भरवशाचा वाटतो. सीईटीचे जुने प्रश्न वेळ लावून सोडव: गणिताला 90 मिनिटं, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 90.