पैसे भरले, सिनेमा कुठाय?

मागच्या अंकात ओटीटीच्या प्लॅनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर कोणता प्लॅन घ्यावा हे विचारणारे कमी आणि "घेतलाय, पण हवं ते मिळतच नाही" म्हणून वैतागलेलेच जास्त निघाले. त्यातले काही प्रश्न घेतोय. नेहमीप्रमाणे नाव नाही, फक्त गाव.

कराड: घरात तीन ॲप्सचे पैसे भरतो, रिचार्जबरोबर आलेलं चौथं वेगळं. आईनं लग्नाआधी जत्रेतल्या तंबूत एक तमाशापट बघितलेला, सत्तरच्या दशकातला. गाणी पाठ आहेत तिला, पण सिनेमा एकाही ॲपवर नाही. यूट्यूबवर तीन गाणी आणि एक अर्धवट तुकडा, तोही कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा लोगो असलेला. एवढ्या मोठ्या कंपन्या, एक जुना सिनेमा ठेवायला यांना काय जड जातं?

ठेवायला काहीच जड जात नाही हो दादा, जड जातं ते सही कुणाची घ्यायची हे शोधायला. त्या काळातला मराठी सिनेमा कसा उभा राहायचा बघा, निर्माता एक, भागीदार दोन, पैसे फायनान्सरचे आणि ते फिटेपर्यंत निगेटिव्ह लॅबमध्ये अडकलेलं. वितरण इलाख्याप्रमाणे विकलेलं, म्हणजे मुंबई एकाकडे, विदर्भ इंग्रजांच्या काळातल्या सीपी-बेरार प्रांतात आणि मराठवाडा धंद्याच्या हिशोबात निझाममध्ये, राज्य कधीच बदललं तरी. पुढे नव्वदीत कुणीतरी सॅटेलाइट राइट्स, म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क, घेऊन गेलं, मग व्हीसीडी आली तिचे वेगळे, आणि गाणी बहुतेक वेळा पहिल्यापासूनच रेकॉर्ड कंपनीकडे. आता समजा निर्माता गेला, मुलं तीन, त्यातल्या एकाचं बाकी दोघांशी बोलणं नाही. ॲपवाल्यांचा वकील म्हणणार की निर्मात्यापासून आजपर्यंत हक्क कुणाकडून कुणाकडे गेले त्याचे सगळे कागद ओळीनं दाखवा, याला ते चेन ऑफ टायटल म्हणतात, आणि मधला एक कागद जरी नसला तरी फाइल बाजूला. नवीन सिनेमे रांगेत असताना पन्नास वर्षांपूर्वीच्या तमाशापटासाठी कोण भावंडांची समजूत काढत बसणार?

त्यात कायद्याची पण एक मेख आहे. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात असं आहे की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा धंद्यात वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिलेले नसतील तर ते दिले असं धरायचं नाही. १९७५ च्या स्टॅम्पपेपरवर इंटरनेट कोण लिहिणार होतं! म्हणजे "सगळे हक्क आमच्याकडे आहेत" म्हणणाऱ्याकडे स्ट्रीमिंगचे आहेत का, यावर वाद घालायला वकील मोकळे.

बरं, कागद जुळले तरी प्रिंट कुठाय हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते, मुंबईत आपल्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला. सिनेमासाठी असा कायदाच नाहीये. पुण्याचं फिल्म आर्काइव्ह १९६४ पासून आहे (२०२२ ला ते एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळात विलीन केलं), पण तिथं पोचलं ते वाचलं, आणि तेही सगळं नाही. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जिथं आर्काइव्हच्या नायट्रेट, म्हणजे चटकन पेटणाऱ्या फिल्म ठेवल्या होत्या तिथं आग लागली आणि प्रभातसकट कितीतरी जुन्या सिनेमांची रिळं जळाली. तुमच्या आईचा सिनेमा नंतरचा, म्हणजे नायट्रेटवरचा नाही, ॲसिटेटवरचा. ती फिल्म भडकत नाही पण गरम दमट गोडाऊनमध्ये हळूहळू सडते, डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट भपकारा येतो, फिल्म आकसलेली, कडा लाटेसारख्या वाकलेल्या, आणि कलर असेल तर निळा-हिरवा उडून नऊवारीपासून आभाळापर्यंत सगळं गुलाबी. असं रीळ स्कॅन करून, ओरखडे काढून, आवाज साफ करून ॲपच्या क्वालिटी चेकमधून पास करायचं म्हणजे खर्च लाखांत. आणि ॲप जुन्या मराठी सिनेमाला एकरकमी पैसे सहसा देत नाही, जेवढं बघितलं जाईल त्यातला वाटा देतो. कुठला वारस घालेल खिशातले?

माझं स्पष्ट मत सांगू का, यात ॲपवाल्यांना शिव्या घालून फार उपयोग नाही. मराठी सिनेमाला सरकार अनुदान देतं, ते देतानाच एक चांगली प्रत आणि हक्क कुणाकडे आहेत याचा एक कागद जमा करून घेतला, आणि ती यादी लोकांना बघायला खुली ठेवली, तर निदान आजच्या सिनेमांची तरी पुढे अशी गत होणार नाही. जुन्यांचं काय ते जुनं दुखणं आहेच.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. आधी जस्टवॉच वर बघा, कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते तिथं कळतं, पण मराठी सिनेमांची इंग्रजी स्पेलिंग कुणी कशीही टाकतं त्यामुळे एक नाही सापडलं म्हणून सोडू नका, एच काढून बघा, डबल ए टाकून बघा. मग यूट्यूबवर राजश्री मराठी, एव्हरेस्ट मराठी, शेमारू मराठीबाणा असल्या कंपन्यांच्या स्वतःच्या चॅनेलवर शोधा, तिथं पूर्ण सिनेमे अधिकृत आणि फुकट असतात, आणि खरं सांगायचं तर जुन्या मराठीसाठी पैशाच्या ॲपपेक्षा हेच कपाट मोठं आहे. २०२३ मध्ये आलेलं अल्ट्रा झकास फक्त मराठीचंच आहे, तेही बघा. प्रसार भारतीचं वेव्हज आहे, नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, तिथं दूरदर्शनचं जुनं बरंच आहे. आणि तो अर्धवट तुकडा अगदी सुरुवातीपासून असेल तर पहिल्या काही सेकंदांत सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसेल, तिथं पॉज करा. त्याच्यावर अर्जदाराचं नाव, निर्मात्याचं नाव, किती रिळं, किती मीटर सगळं असतं. पूर्ण सिनेमा सव्वाशे मिनिटांचा होता की दीडशे हे त्यावरून काढता येतं आणि कुणाच्या वारसांना विचारायचं तेही कळतं.

ठाणे: एक इंग्रजी सिरीज निम्मी बघून झाली होती, दिवाळीत उरलेली बघू म्हटलं तर ॲपवरून गायब. पैसे वर्षाचे घेतले ना, मग मधेच काढून कशी घेतात? जाब कुणाला विचारायचा?

ताई, जाब विचारायला जागाच ठेवलेली नाही त्यांनी, अटी-शर्तींत लिहिलेलं असतं की कॅटलॉग कधीही बदलेल, आणि आपण सगळे डोळे झाकून ओके करतो. वर्षाचे पैसे ॲपचे असतात, सिरीजचे नाहीत. ॲपनंही ती ठरावीक मुदतीसाठीच घेतलेली असते. एचबीओ या अमेरिकी कंपनीच्या सिरीजचं आठवतंय ना, ३१ मार्च २०२३ ला हॉटस्टारवरून सगळं उतरलं, पुढच्या काही आठवड्यांत जिओसिनेमावर गेलं, लोकांनी तिकडे पैसे भरले, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला दोघांचं मिळून जिओहॉटस्टार झालं. म्हणजे पाहुणा शेजारी राहायला गेला आणि मग दोन घरांमधली भिंतच पाडली. मधल्या काळात निम्मी सिरीज बघून अडकलेले तुमच्यासारखे किती असतील.

नेटफ्लिक्सवर सिनेमा जाणार असेल तर त्याच्या पानावर बघायची शेवटची तारीख आधी दाखवतात, ती वाचायची सवय लावा. बाकी बऱ्याच ठिकाणी तेवढंही नाही. आणि "बाय", म्हणजे विकत घ्या, असं बटन असलं तरी फार हुरळू नका, तेही बघायचं लायसन्सच असतं. भाड्यानं घेतलात तर साधारण ३० दिवसांत सुरू करायचं आणि सुरू केलं की ४८ तासांत संपवायचं, पाहुणे येणार असतील त्या वीकेंडला घेऊ नका.

म्युनिक: इथे तेच ॲप, तोच अकाउंट, पण पुण्यात दिसणारे निम्मे मराठी सिनेमे इथे दिसत नाहीत. व्हीपीएन लावला तर चालेल का?

हक्क देशाप्रमाणे विकले जातात म्हणून असं होतं. भारतापुरते घेतले तर स्वस्त, जगाचे घेतले तर महाग, आणि जर्मनीत मराठी सिनेमा बघणारे किती हा हिशोब ॲपवाले करणारच. ॲपला स्वतःलाच जगभराचे हक्क हवे असले की प्रश्न मिटतो, चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा नेटफ्लिक्सवर २०२१ ला सगळीकडे आला तो असाच. युरोपात २०१८ पासून एक नियम आहे की एका सदस्य देशात पैसे भरणारा तात्पुरता दुसऱ्या देशात गेला तरी त्याला घरचाच कॅटलॉग दिसला पाहिजे, पण तो युरोपियन युनियनच्या आतल्या आत, म्हणजे म्युनिकहून रोमला गेलात तर जर्मनीतलं दिसेल, पुण्याचं नाही. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून बघतोय असं ॲपला भासवणारी सोय, ॲपच्या अटींत बसत नाही आणि बऱ्याचदा पकडलाही जातो, त्यामुळे मी तरी घ्या म्हणणार नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळानं थेट निर्मात्याशी बोलून एक शो लावायचा हा मार्ग बरा, आजकालचे निर्माते त्याला आनंदानं तयार होतात.

नागपूर: ग्रुपवर सगळं फुकट मिळतं, एचडीमध्ये. जे विकायलाच ठेवलं नाहीये ते असं बघितलं तर कुणाचं नुकसान?

गेल्या शुक्रवारी लागलेला सिनेमा आणि हक्कदारच सापडत नाही असा सिनेमा, यात मला स्वतःला फरक वाटतो, पण कायद्याला वाटत नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून शूट करणं आणि तशी कॉपी दाखवणं याला किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि ३ लाखांपासून वर, निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. आणि ग्रुपवर जुनं दुर्मिळ कितीसं असतं रे, ९० टक्के माल गेल्या शुक्रवारचाच असतो, तेव्हा उगाच अनाथ सिनेमांच्या नावानं गळा काढू नकोस.

मालक सापडतच नसेल तर कॉपीराइट कायद्यात वाट आहे, कलम ३१-अ. पेपरात जाहिरात द्यायची, अर्ज करायचा, योग्य वाटलं तर रॉयल्टी ठरवून परवाना मिळतो. पूर्वी हे कॉपीराइटचे वाद बघणाऱ्या बोर्डाकडे होतं, २०२१ ला ते बंद झालं, आता कोर्ट गाठावं लागतं. म्हणजे वाट आहे पण एका तमाशापटासाठी ती कोण चालणार, हे आलंच परत.

रत्नागिरी: निवृत्त शिक्षक आहे. ६० वर्षं झाली की सिनेमा सर्वांचा होतो असं ऐकलं. मग शाळेत 'श्यामची आई' दाखवायला हरकत नाही ना?

सर, बरोबर ऐकलंत. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे २०१३ संपलं आणि सिनेमा मोकळा झाला. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे पुस्तक त्याच्याही आधी मोकळं. पण पटकथा-संवाद अत्र्यांचे, ते १९६९ ला गेले, आणि लेखकाच्या हक्काची मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं, ती २०२९ संपेपर्यंत चालते. सिनेमा मोकळा झाला की त्यातल्या लिखाणाचं काय, यावर सरळ उत्तर देणारा वकील मला अजून भेटायचाय. शाळेत मात्र कायद्यानंच सूट आहे, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी थेट संबंधित लोक असले की झालं. तिकीट लावू नका आणि गावजेवणासारखं सगळ्यांना बोलावू नका.

पुणे: वैतागून सगळेच प्लॅन बंद करावे म्हणतोय.

करा की! पण एकदम नको. एका वेळी एकच ॲप महिन्याच्या प्लॅनवर चालू ठेवा, त्यावरचं हवं ते बघून झालं की बंद, मग दुसरं. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो पण दोन महिन्यांनी तुम्हाला हवं ते तिथं असेल याची गॅरंटी कुणीच देत नाही. आणि ॲप डिलीट केलं म्हणजे प्लॅन बंद झाला असं नाही, ऑटोपे चालूच राहतो, तो यूपीआयच्या ॲपमध्ये मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, उघडून तिथूनच रद्द करा.