संपादकपदाला उभी राहतेस तर

फोंडा, गोवा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा उमेदवारीच्या निवेदनाचा मसुदा मिळाला. नामांकन समितीने विचारलं आणि तू हो म्हणालीस, याचा मला फार आनंद झाला. पेट्रोलियम भूविज्ञानाच्या जर्नलचं संपादकपद, आणि तेही सभासदांच्या मतांवर ठरणारं! बहुतेक जर्नलांचा संपादक प्रकाशक नाहीतर मंडळ नेमतं. तेलाच्या क्षेत्रात मात्र मतदानाची रीत जुनी आहे. 1917 साली अमेरिकेतल्या तुल्सात स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्समध्ये संपादक हा अध्यक्ष आणि खजिनदारासारखाच निवडून आलेला पदाधिकारी असतो. तेव्हा मत देणारे कोण, हे आधी डोळ्यांपुढे आण. वेलसाइटवर, म्हणजे तेलविहीर खोदतात तिथे, रात्रपाळी करणारे, कंपनीत नकाशे काढणारे, निवृत्त झालेले, आणि त्यांच्यात थोडेसे प्राध्यापक.

आता मसुद्याबद्दल. ‘जर्नलचा दर्जा उंचावेन, इम्पॅक्ट फॅक्टर वाढवेन, तरुणांना संधी देईन.’ ही तिन्ही वाक्यं काढून टाक. समोरचा उमेदवारही हेच लिहिणार आहे, आणि अशा वाक्यांवर कुणी मत ठरवत नाही. त्यांच्या जागी एकाच प्रश्नाचं उत्तर लिही: ज्याच्या हातात डेटा नाही, त्या वाचकासाठी तू काय करणार?

हा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण आपल्या विषयाची अडचण इतर विज्ञानांसारखी नाही. इथला बराचसा डेटा कुणाच्या तरी मालकीचा असतो. सेस्मिक, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं खालच्या थरांचं चित्र, कंपनीचं किंवा सरकारचं. लॉग, म्हणजे विहिरीत यंत्र सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदी, कंपनीचे. कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेले खडकाचे नमुने, कंपनीच्या गोदामात. पेपर लिहिणारा कुंपणाच्या आत असतो आणि वाचणारा बाहेर. तू दोन्हीकडे राहिली आहेस. काही वर्षं मुंबई ऑफशोअरचे लॉग वाचलेस, आता ताळगावच्या पठारावर मुलांना शिकवतेस, आणि त्याच मुलांना उदाहरणादाखल एक धड सेस्मिक लाइन मिळवून देताना किती पत्रं लिहावी लागतात ते तुला माहीत आहे. हा अनुभव निवेदनात पहिल्या परिच्छेदात यायला हवा. तू तो शेवटच्या ओळीत ‘इतर माहिती’ म्हणून टाकला आहेस.

1977 सालचं उदाहरण घे. एक्सॉनच्या पीटर व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेस्मिक नोंदींवरून समुद्रपातळीच्या चढउतारांचे जागतिक आलेख मांडले आणि ते वर सांगितलेल्या संस्थेनेच छापले. सेस्मिक स्ट्रॅटिग्राफीचा, म्हणजे सेस्मिकवरून थरांचा इतिहास वाचण्याच्या पद्धतीचा, पाया त्या कामाने घातला. आज कुठल्याही किनाऱ्याजवळचं खोरं, म्हणजे गाळाचे थर साचलेला खोलगट भाग, त्या पद्धतीशिवाय वाचता येत नाही. पण आलेखांमागचा बराचसा डेटा कंपनीच्या कपाटातच राहिला. पुढे कित्येक वर्षं वाद चालला की हे चढउतार खरोखर साऱ्या जगातले, की त्या त्या ठिकाणची जमीन खचल्या-उचलल्याचा परिणाम. बाहेरच्या माणसाला तपासून पाहायची सोय नव्हती. ते काम छापायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गुप्ततेच्या नावाखाली सरसकट नकार दिला, तर उद्योगातलं सगळ्यांत चांगलं काम कधी उजेडातच येणार नाही. छापताना लेखकाकडून काय मागून घ्यायचं, तिथे संपादकाचा कस लागतो.

तुझ्या टेबलावर काय येईल ते सांगतो. सेस्मिकचा एक उभा छेद. लाल-निळ्या पट्ट्यांवर लेखकाने जाड पिवळ्या रेषांनी चार फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकल्याच्या भेगा, काढलेले. उभ्या अक्षावर आकडे नाहीत, त्यामुळे तो लहर परत यायला लागलेला वेळ आहे की खोली, कळत नाही. आडवी मापपट्टी नाही. उत्तर कुठे, त्याचा पत्ता नाही. विहिरीचं नाव ‘अ’. पिवळी रेषा इतकी जाड की तिच्याखाली परावर्तन, म्हणजे थरावरून परतलेल्या लहरीची पट्टी, खरंच तुटलंय की रेषेनेच ते झाकलंय, हे दिसत नाही. आणि खाली ओळ: ‘गोपनीयतेमुळे अधिक तपशील देता येत नाही.’ असा पेपर लगेच नाकारू नकोस. लेखकाला लिही की अक्षांश-रेखांश नकोत, पण मापपट्टी आणि दिशा हवी. रेषा न ओढलेला मूळ छेद शेजारी हवा. एका तरी विहिरीचा पूर्ण लॉग आणि वेळेची खोली करताना वापरलेला लहरींचा वेग हवा. काय राखून ठेवलंय आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे पेपरातच स्पष्ट लिहिलेलं हवं. बऱ्याच कंपन्या एवढं द्यायला तयार होतात, फक्त त्यांच्याकडे ते कुणी मागत नाही. हे नियम आधीच जाहीर केलेस की लेखकाला आपल्या वरिष्ठांकडे परवानगी मागताना हातात कागद असतो. कंपनीतल्या तरुण भूवैज्ञानिकाला याचा केवढा आधार वाटतो, हे तुला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, कोरड्या, म्हणजे तेल-वायू न लागलेल्या, विहिरी. आपल्याच समुद्राकडे बघ. वेंगुर्ल्याच्या खालून कन्याकुमारीपर्यंत केरळ-कोकण खोरं पसरलंय. मुंबई हाय 1974 साली सापडलं, पण इथे अजून व्यापारी उत्पादन नाही. खोऱ्याच्या बऱ्याच भागात बेसॉल्टच्या थरांखालचं सेस्मिक चित्र धूसर येतं. 2006 मध्ये जॉइडिस रिझोल्यूशन हे समुद्रतळ खोदणारं जहाज गॅस हायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, राष्ट्रीय मोहिमेवर आलं, तेव्हा याही खोऱ्यात एका ठिकाणी ड्रिल केलं. सेस्मिकवर आशा वाटावी असं परावर्तन होतं. हायड्रेट मिळालं नाही. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ते भरघोस मिळालं आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. पण आपल्याकडच्या त्या एका भोकाने शिकवलं की तसं परावर्तन दिसलं म्हणजे हायड्रेट असेलच असं नाही. हा निकाल छापून आला म्हणून पुढच्या माणसाला उपयोगी पडतो. कंपन्यांच्या किती कोरड्या विहिरी अशा छापल्या जातात? फारच कमी. निवेदनात लिही की विहीर कोरडी का निघाली, तेल अडवणारा सापळा नव्हता, त्यावरचं झाकण म्हणजे सील फुटलं होतं की तेल तिथवर पोचलंच नाही, याची नीट चिकित्सा करणाऱ्या छोट्या पेपरांसाठी तू दर अंकात जागा राखशील. वेलसाइटवरच्या सभासदांना हे तत्काळ पटेल.

मतभेदांना जागा देण्याबद्दलही थोडं. नोव्हेंबर 1926 मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने न्यूयॉर्कला खंडवहनावर, म्हणजे खंड सरकतात या मतावर, परिसंवाद भरवला. ते मत मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरने आपलं म्हणणं लिहून पाठवलं होतं. अमेरिकी भूवैज्ञानिकांनी त्यावर कडाडून टीका केली. 1928 मध्ये बाजूचं आणि विरुद्धचं असं सगळं एकत्र छापलं गेलं. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे भूकवचाच्या सरकत्या तुकड्यांचा सिद्धांत, सर्वमान्य व्हायला अजून चार दशकं होती. तेलवाल्यांच्या संस्थेने हे केलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. तुझ्या काळात असा वाद आला, तर दोन्ही बाजूंचे पेपर एकाच अंकात आण, आणि उत्तराला उत्तर द्यायची मुदत आधीच ठरवून दे.

रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे, निवडताना फार जपून राहा. एखादं खोरं नीट माहीत असलेली माणसं जगात मूठभर असतात. त्यातला एक शेजारचा ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला दिलेला पट्टा, घेतलेल्या कंपनीत, दुसरा लेखकाचा जुना भागीदार. दोघांनाही विचार, पण संबंध लेखी जाहीर करायला लाव, आणि तिसरा माणूस त्या खोऱ्याशी काडीचा संबंध नसलेला घे. ब्लॉकच्या लिलावाच्या तोंडावर साठ्याचे मोठे आकडे घेऊन एखादा पेपर घाईघाईने आला, तर घाई कुणाला आहे ते आधी बघ. गोपनीय हस्तलिखित एआयच्या चौकटीत चिकटवून रिव्ह्यू लिहून घेणाऱ्यांसाठीही स्पष्ट नियम हवा.

इंग्रजी कच्चं म्हणून पेपर परत पाठवू नकोस. आसामातल्या दुलियाजानच्या किंवा गुजरातेतल्या अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रातल्या मुलाने लॉग उत्तम वाचला असेल, तर वाक्यं सुधारणारा माणूस शोधायची जबाबदारी जर्नलची. आणि नकार द्यायचाच असेल तर आठवड्याभरात दे, कारणासकट. सहा महिने गप्प बसून दोन ओळींचा नकार पाठवणं हा लेखकाचा अपमान आहे.

प्रचाराबद्दल विचारलंस. अशा संस्थांत उमेदवारांवर बंधनं असतात, म्हणून नियम वाचल्याशिवाय एकही मेल पाठवू नकोस, माझ्या ओळखीच्या लोकांनाही नाही. मी कुणाला फोन करणार नाही. तुझं निवेदन वाचूनच लोकांनी मत द्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विभागप्रमुखांशी मात्र आजच बोल. किती हस्तलिखितं येतात, पगारी सहायक आहे का, मुदत किती वर्षांची, हे लेखी विचारून घे आणि शिकवण्याचे तास किती कमी होतील हे पक्कं कर. रात्री जागून हे काम होत नाही. झालं तरी त्याची किंमत तुझ्या लेखकांना मोजावी लागते.

नवा मसुदा तीनशे शब्दांत बसव. शनिवारी मी पणजीला येतोय. चार वाजता पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात भेटू. संस्थेची घटना आणि मागच्या संपादकांचे वार्षिक अहवाल छापून आण. सहसंपादक कोण असावेत, त्याची यादी तिथेच बसून करू.

तुझा,
सर