आजीव वर्गणी ही मिळकत नव्हे, डोक्यावरचं देणं आहे

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जिल्ह्यातल्या साठेक टपालतिकीट-संग्राहकांचं तुमचं मंडळ आहे, आता बाहेरच्या राज्यांतले लोकही यायला बघतायत, म्हणून संस्था देशपातळीवर न्यायची आहे. वर्गणी किती ठेवावी, आजीव सभासद घ्यावेत का आणि कागदोपत्री कुठे अडकायला होतं, हे तुम्ही विचारलंय. मी अशाच एका अखिल भारतीय संस्थेत अकरा वर्षं खजिनदार आणि पुढे चार वर्षं सचिव होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण खाली जे येणार आहे त्यात आमच्या चुकाच जास्त आहेत.

आजीव सभासदत्वापासून सुरू करतो, कारण आम्ही बुडालो ते तिथेच.

१९९६ च्या सुमारास आमची आजीव वर्गणी १,००० रुपये होती. मुदत ठेवीवर तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे माणशी वर्षाला १२० रुपये. त्रैमासिकाचे चार अंक छापून टपालात टाकायला माणशी साठ-सत्तर रुपये लागत. हिशेब चोख होता. आज व्याज सात टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे ७० रुपये. तेवढ्यात एक अंकसुद्धा निघत नाही. सभासद मात्र तोच आणि त्याचा चार अंकांचा हक्कही तोच. एवढं असतं तरी निभावलं असतं. पण माझ्या आधीच्या समितीने रौप्यमहोत्सवी प्रदर्शनासाठी त्याच पैशातून ॲल्युमिनियमच्या फ्रेमा करून घेतल्या होत्या. मी वही हातात घेतली तेव्हा आजीव सभासद चारशेच्या वर, ठेव जेमतेम नव्वद हजारांची, आणि फ्रेमा एका सभासदाच्या गोदामात गंजत पडलेल्या. (ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात. त्याचे स्क्रू गंजतात.)

म्हणून माझं मत: पहिली पाच वर्षं आजीव सभासद घेऊच नका. सुरुवातीला हातात पैसा नसतो, तीन-चार जण एकरकमी द्यायला तयार असतात आणि मोह होतो, हे मला माहीत आहे. त्यापेक्षा पाच वर्षांची वर्गणी एकदम घ्या, थोडी सूट द्या. आजीव घ्यायचेच ठरले तर रक्कम वार्षिक वर्गणीच्या वीसपट तरी हवी. सात टक्क्यांनी चौदा-पंधरा पटीत आजचा खर्च निघतो, पण छपाई आणि टपाल दरसाल महागतं, त्याची सोय वरच्या पाच पटींत होते. ही रक्कम कायम निधीत जाईल आणि मुद्दलाला हात लागणार नाही, हे घटनेत लिहा. नुसत्या ठरावात नको, ठराव पुढची समिती फिरवते. शिवाय आजीव सभासदाला अंक पीडीएफने मिळेल, छापील हवा असेल तर टपालखर्च वेगळा, हेही त्याच कलमात घाला.

दुसरी भानगड म्हणजे आजीव सभासद वहीत कधी मरत नाही. वार्षिकवाला वारला की वर्गणी थांबते आणि तुम्हाला कळतं. आजीवाचा अंक मात्र जातच राहतो. एका वर्षी मी सगळ्या आजीव सभासदांना पत्रं पाठवली, तर सत्तरच्या वर पाकिटं परत आली. ‘लेफ्ट’, ‘नॉट नोन’, काहींवर नुसतं ‘डिसीज्ड’. आमच्यातल्या एका टपाल-इतिहासवाल्याने (हे लोक टपालात फिरलेली पाकिटं आणि त्यांवरचे शिक्के जमवतात) लगेच फोन केला, ‘ती परत आलेली पाकिटं टाकू नका हां, शिक्के चांगले उठलेत.’ आता बोला!

हसण्यावारी नेऊ नका, कारण हे दिवंगत लोक गणसंख्येत मोजले जातात. आमच्या घटनेत सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक-पंचमांश हजेरी लागायची. मग दर वर्षी सभा तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा, पुन्हा भरवायची. एकदा निवडणुकीत हरलेल्या गटाने हाच मुद्दा काढून तक्रार केली आणि दोन वर्षं गेली. तुम्ही गणसंख्या ठरावीक आकड्यात लिहा, पंचवीस म्हणा. आणि दर तीन वर्षांनी आजीव सभासदाने पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर आपला पत्ता कळवायचा, असा नियम करा. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो ना, तसाच. दोनदा कार्ड आलं नाही तर नाव स्थगित यादीत, पत्र आलं की परत चालू. वर्गणीच्या बदल्यात संग्राहकाकडून एक पोस्टकार्ड मागणं काही जाच नाही.

वर्गणी वसुलीबद्दल एकच सांगतो. पूर्वी मनीऑर्डरच्या कुपनावर लोक सभासद क्रमांक लिहायचे. आता यूपीआयने ३०० रुपये येतात आणि नाव दिसतं ते सुनेचं किंवा दुकानाचं. मार्चअखेर मी अशा एकोणीस बेवारस रकमा घेऊन बसलो होतो. यावर आमच्या एका तरुण सभासदाने साधा तोडगा काढला: वर्गणी ३०० आणि त्यात तुमच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पैशांत. क्रमांक ४४७ असेल तर ३०० रुपये ४७ पैसे. निम्मा घोळ मिटला.

कागदपत्रांचं फार भय बाळगू नका. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी होते. लोक नोंदणी करतात आणि पुढचं विसरतात. समिती बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो राहिला की परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या आपल्या नोंदीत, जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या खजिनदाराची सही घेत नाही. आमच्याकडे लागोपाठ तीन निवडणुकांचे अर्ज तुंबले होते. वकिलाची फी फ्रेमांपेक्षा जास्त झाली.

सभासदांची नावपत्त्यांची पुस्तिका छापू नका. पूर्वी सगळेच छापायचे, त्यात ‘संग्रहाचा विषय’ असा रकानाही असायचा. १८५४ ची तिकिटं कुणाच्या कपाटात आहेत आणि ते कपाट कुठल्या गल्लीत आहे, हे चोराला आपणच सांगायचं! नाव, गाव आणि क्रमांक पुरेत. पत्रव्यवहार सचिवामार्फत.

आता लोक मुळात सभासद का होतील? नव्या तिकिटाची बातमी व्हॉट्सॲपवर फुकट मिळते. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी १८८६ सालची. एके काळी पन्नास हजारांवर गेलेली तिची सभासदसंख्या आता तीस हजारांच्याही खाली आहे. तेव्हा आकड्यांच्या मागे लागू नका. टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेच्या शिष्यवृत्तीसाठी सहावी ते नववीची मुलं येतील, येऊ द्या, पण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांना धरू नका. टिकतो तो प्रदर्शनात उतरू पाहणारा माणूस. प्रदर्शनात एका फ्रेमेत संग्रहाची सोळा पानं लावतात; पाच फ्रेमा म्हणजे ऐंशी पानं, ती कशी मांडायची हे व्हिडिओ पाहून येत नाही. त्याला कुणीतरी शेजारी बसून ‘हे पान काढ’ म्हणणारा लागतो. जागतिक प्रदर्शनात जायचं तर आधी राष्ट्रीय पातळीवर निदान व्हर्मेल पदक (सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं, सुवर्णाच्या खालचं) हवं आणि वाट फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडियामधून जाते. १९७५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तिकीटसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात आपल्या देशाची सदस्य आहे. तिथपर्यंतची तयारी करून घेणं हे तुमच्या संस्थेचं खरं काम.

एक्स्चेंज पॅकेट, म्हणजे विकायची तिकिटं लावलेली पुस्तिका सभासदांत टपालाने फिरवणं, मात्र इतक्यात काढू नका. पुस्तिका दहा घरांत फिरते, चांगलं तिकीट निघून त्याच जागी कडा फाटलेलं येतं, आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘माझ्याकडे आलं तेव्हा असंच होतं.’ रिकाम्या जागेवर घेणाऱ्याने सही करायची हा नियम आमच्याकडे होता, पण अदलाबदलीत जागा रिकामी होतच नाही. त्यात २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा दहा घरांच्या फेरीचा टपालखर्चही नव्याने मांडावा लागेल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. सभासद वारला की पहिला फोन सचिवाला येतो: ‘यांच्या वह्यांचं काय करू?’ आमच्याकडे एका पदाधिकाऱ्याने असा संग्रह सांत्वनाला गेला तेव्हाच, बाराव्याच्या आत, किरकोळ भावात उचलला. पुढे त्यातली दोन पाकिटं लिलावात दिसली आणि त्या घरच्यांनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आम्ही असल्या खरेदीविरुद्ध घटनेत कलम घातलं. आता असा फोन आला की मी सांगतो, तीन महिने काही विकू नका, वह्या कपाटात उभ्या ठेवा, दमट जागी नको. मग किंमत करून देणाऱ्या तिघांची नावं देतो. त्यात आमच्या समितीतलं एकही नसतं.