'हॉबल' शब्दाशी पहिली ओळख

अनुवादाला सुरुवात करताय, फार बरं वाटलं. 'हॉबल' (hobble) या इंग्रजी शब्दावर अडलात, पण याची गुरुकिल्ली आपल्याच भाषेत आहे: पायबंद. घोडा चरताना लांब जाऊ नये म्हणून त्याचे पाय आखूड दोरीने बांधतात, ते हॉबल. तो चालतो, पण तुटक पावलांनी. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, बहुतेक अर्थ त्यातूनच उलगडतील.

सुरुवातीच्या चुका या:

- दर वेळी 'लंगडणे' लिहिणे. एक पाय दुखावल्यावर माणूस लंगडतो, त्याला इंग्रजीतला 'लिंप' (limp) जास्त जवळचा. गुडघे आखडलेली आजी खुरडत, पाय ओढत चालते, तिथे 'हॉबल'.
- कर्जाने 'हॉबल्ड' झालेली कंपनी 'लंगडी' करणे. 'कर्जामुळे कंपनीला पायबंद बसला' किती सहज वाटतं!
- 'हॉबल' म्हणजे पूर्ण थांबवणे असं समजणे. हालचाल उरते, मोकळेपणा जातो.

१९१० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत 'हॉबल स्कर्ट' गाजला. घोट्यांपाशी इतका अरुंद, की बायकांना मोठं पाऊल टाकता येईना. स्कर्टचं नाव घोड्याच्या हॉबलवरूनच.

व्युत्पत्ती सध्या राहू द्या. आधी पाच वाक्यं करून दाखवा, मी नक्की बघेन.